बाबांसाठी घेतलेली तिपाई

मित्रांनो, जुन्या वस्तूच्या अंगावर चार ओरखडे असतात, एखादा पोचा असतो. माझ्या अंगावर तसे काहीच नाही, आणि मला त्याचीच लाज वाटते. मी एक घडीची तिपाई आहे. तीन पाय, वर निळ्या जाड कापडाची बैठक आणि खांद्याला अडकवायला पट्टा. कारखान्यात मला शिवणाऱ्या बाईने बैठकीला दुहेरी टाके घातले आणि दोनदा ओढून पाहिले. एवढी पक्की आहे मी. पण पक्के असून काय उपयोग?

२०२०च्या फेब्रुवारीत अस्मिताने मला युट्रेख्टच्या एका दुकानातून आणले. ती तिथल्याच विद्यापीठात शिकली, नोकरीला लागली आणि नवरा व मुलगी ऋजुता यांच्यासह अॅमस्टरडॅमजवळच्या हूफडॉर्पला राहू लागली. "मासे धरायला का?" असे दुकानदाराने विचारले.

"नाही. माझे बाबा येणार आहेत," अस्मिता म्हणाली. "ते फार सावकाश बघतात."

तिचे बाबा, मोरेश्वर, पैठणला असत. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून त्यांची तीस वर्षे कालव्याच्या काठाकाठाने चालण्यात गेली होती, आणि गुडघेही त्यातच गेले होते. निवृत्त झाल्यावर त्यांची एकच हौस उरली होती, अॅमस्टरडॅमचे कालवे बघायची. चारशे वर्षे पाण्यात उभ्या असलेल्या भिंती ढासळत कशा नाहीत, हे त्यांना निवांत बसून बघायचे होते.

दर रविवारी व्हिडिओ कॉलवर या सहलीचा बेत रंगे. त्यांचे साडू रवींद्र एका सहलीत सात दिवसांत नऊ देश करून आले होते. बाबा म्हणत, "बसमधून उतरले, फोटो काढला, परत चढले. युरोपला शिवून आले नुसते! आपण एका दिवशी एकच कालवा करायचा. मध्ये एखादं संग्रहालय, त्यातही एकच दालन. संध्याकाळी चर्चच्या घंटा ऐकायच्या. घाई करायची असेल तर मी पैठणलाच बरा." मग त्यांनी मला उघडून दाखवायला सांगितले. मान वाकडी करून मला खालून-वरून पाहिले आणि म्हणाले, "पाय पक्के आहेत. चालेल." मित्रांनो, माझ्या आयुष्यात माझे झालेले कौतुक एवढेच.

इकडे राहणाऱ्या आपल्या बऱ्याच घरांत एक रीत असते. जवळचे काही बघायचे असले की "आई-बाबा आले की बघू" म्हणून ते राखून ठेवायचे. अॅमस्टरडॅम अस्मिताच्या घरापासून गाडीने अर्ध्या तासाच्या आत. पण सात वर्षांत तिने ते धड पाहिले नव्हते. आई-बाबांची तिकिटे एप्रिलची होती. मार्चमध्ये करोनामुळे विमाने बंद झाली आणि माझी रवानगी कोटांच्या कपाटात झाली.

त्या उन्हाळ्यात संग्रहालये उघडली, पण पर्यटक नव्हते. अॅमस्टरडॅमचे कालवे कधी नव्हे इतके मोकळे होते. बाबा म्हणाले, "अस्मिता, तू जाऊन ये. तिपाईवर बस एखाद्या पुलावर आणि तासभर मला फोनवर दाखव. मी इथून बघतो."

"छे हो बाबा! मग इथं आल्यावर काय बघणार? एकत्रच बघायचं."

"बरं," बाबा म्हणाले. कपाटाचे दार अर्धवट उघडे होते. मला स्वतःच्या पायांनी चालता आले असते तर मी तेव्हाच निघाले असते!

ऑक्टोबरात त्यांनी पुन्हा विचारून पाहिले. तिने पुन्हा तेच सांगितले. फेब्रुवारीत कडाक्याची थंडी पडली, तेव्हा ते म्हणाले, "तिकडं पाणी गोठलंय म्हणे. गोठलेला कालवा मी जन्मात पाहिला नाही गं." अस्मिताने त्यांना इंटरनेटवरचा एक फोटो पाठवला.

एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, बाबांना औरंगाबादच्या रुग्णालयात हलवले. अकरा दिवसांनी ते गेले. विमाने पुन्हा बंद होती. चुलतभाऊ अजितने स्मशानातून फोन धरला होता, आणि अस्मिता इथे फरशीवर बसून बघत होती. चित्र दोनदा अडकले. दुसऱ्यांदा सुरू झाले तोवर अग्नी दिलेला होता.

त्यानंतर मी सायकलींच्या खोलीत आले. घरात कुणी त्या शहराचे नाव काढत नसे.

पुढच्या वर्षी मे महिन्यात अस्मिताची आई, शैलाआजी, तीन महिन्यांसाठी आल्या. अस्मिताने एकदा चाचरत विचारले, "आई, कालवे बघायला जाऊ या?" त्या म्हणाल्या, "मला काय कळतंय त्यातलं? ते सांगणार होते." तो विषय तिथेच मिटला.

एके दिवशी सायकलींच्या खोलीत ठेवलेले बटाटे न्यायला आलेल्या शैलाआजींना मी दिसले. त्यांनी मला आत नेले, स्वयंपाकघराच्या दारात उघडले आणि माझ्यावर बसून मेथी निवडू लागल्या. मित्रांनो, दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्यावर बसले होते! मला इतका आनंद झाला की काय सांगू. तेवढ्यात अस्मिता ऑफिसमधून आली.

"आई, ऊठ! ती बाबांची आहे."

शैलाआजी भिंत धरून उठल्या, मला मिटले आणि तिच्या हातात दिले. मी पुन्हा सायकलींच्या खोलीत.

ऑगस्टमध्ये त्या परत गेल्या. विमानतळावरची रांग इमारतीच्या बाहेरपर्यंत आली होती आणि त्यांच्यासाठी चाकांची खुर्ची सांगायची राहून गेली होती. ट्रॉलीला हात टेकून, या पायावरून त्या पायावर भार टाकत त्या दोन तास उभ्या होत्या. हे मला संध्याकाळी कळले. सायकल ठेवताना ऋजुता म्हणाली, "आई, व्हाय डिडंट वी टेक द स्टूल फॉर आजी?"

मित्रांनो, वस्तू पुसून नीट ठेवा, हे तुम्हाला शाळेत सांगतील. माझे मागणे वेगळे आहे. गेलेल्या माणसाच्या नावाने काही राखून ठेवले असेल, तर जे समोर आहेत त्यांना ते वापरू द्या. मला बोलता आले असते तर हे मी अस्मितालाच सांगितले असते.

परवा सायकलीत हवा भरता भरता तिने आईला फोन लावला होता. "पुढच्या उन्हाळ्यात ये ना. या वेळी सगळं सावकाश बघू. तिपाई पण घेऊ बरोबर."

"नको गं बाई," शैलाआजी म्हणाल्या. "आता माझ्यानं तिथवर येणं होत नाही."