बांगड्याचं पातेलं

मी घासलेलं प्रत्येक भांडं सासूबाई नाकाला लावतात. मासळीचा वास आला की ते परत मोरीत. लग्नाला नऊ वर्षं झाली. मी शाकाहारी घरातली असले, तरी चिंच लावून बांगड्याचं पातेलं घासण्यात अख्ख्या चाळीत माझा हात कोणी धरणार नाही. काल डोकंच फिरलं. पातेलं नुसतं पाण्याने विसळलं आणि त्यांच्या हातात दिलं. म्हटलं, घ्या, हुंगा!

त्यांनी लांब श्वास घेतला. "आता जमला गो तुका!" म्हणाल्या.

वास तर मला चार हातांवरून येत होता.

त्या वळल्यावर मी पातेलं गुपचूप परत घासलं. आजपासून प्रत्येक भांडं आधी मी हुंगते, मग त्यांच्या हातात देते.