कुंडीत बुडणारी कण्हेर

मित्रांनो, मी एक जुनी कण्हेर आहे आणि सध्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत बुडते आहे. हसू नका. बुडायला समुद्रच लागतो असं नाही; तळाचं भोक बुजवलेली कुंडीही पुरते.

माझा जन्म रस्त्याच्या दुभाजकात झाला. कुणीतरी हातभर फांदी मातीत खोचली आणि पुन्हा फिरकलं नाही. मला ते फार मानवलं. उन्हाने डांबर वितळायचं, मी मात्र हिरवीगार, गुलाबी फुलांनी डवरलेली. चीक विषारी, त्यामुळे गुरंही वाट्याला जात नसत. पुढे रस्ता रुंद झाला आणि मी उपटले गेले. ढिगाऱ्यातून मला या घरच्या आजोबांनी उचलून आणलं आणि कुंडीत लावलं.

आजोबा पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्ह फिरवायच्या नोकरीत होते. चौतीस वर्षं त्यांनी ठरल्या वेळी अख्ख्या वस्तीचं पाणी बंद केलं आणि रिकाम्या बादल्यांसमोर उभं राहून शिव्या खाल्ल्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी मला पाणी घालायला घेतलं. सकाळी एक झारी, संध्याकाळी एक. जास्तीचं पाणी खालून निघून जाई, मी फुलत राही. पाहुणे म्हणत, "काय हात आहे हो तुमचा!"

एके दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. "तुमच्या झाडाची आंघोळ आमच्या वाळत घातलेल्या चादरींवर का?" आजोबांच्या मुलाने त्याच दिवशी सिमेंट कालवून भोक बुजवलं.

तेव्हापासून पाणीही आत आणि मीही आत. मुळं कुजू लागली, पानं पिवळी पडली. ती बघून आजोबा कळवळले. "तहानलीय गं बिचारी!" दोनाच्या चार झाऱ्या झाल्या.

परवा सुनेने माळ्याला बोलावलं. त्याने चिमूटभर माती हुंगली आणि तोंड वाकडं केलं. "भोक मोकळं करा. कुजकी मुळं कापा, वाळू मिसळून माती बदला. आणि माती कोरडी होईपर्यंत थेंबही नको."

मुलगा म्हणाला, "रविवारी ड्रिल आणतो." आज गुरुवार आहे.

सकाळी आजोबा झारी भरून आलेच. सून आडवी गेली. "बाबा, माळी काय म्हणाला?"

"ऐकलं मी. पण चौतीस वर्षं तहानलेल्यांना नाहीच म्हणत आलो गं. आता नाही जमत."

सून बाजूला झाली. तिच्या जागी मी असते तर मीही झाले असते.

मित्रांनो, माझ्यासारखीला भरपूर ऊन द्या, फुलं सरल्यावर छाटा, छाटून झालं की हात धुवा, आणि बाकी खुशाल दुर्लक्ष करा. पाणी घालण्याआधी मातीत बोट खुपसून बघा. आणि तुमच्यापैकी कुणी जवळपास राहत असेल, तर छिन्नी-हातोडी घेऊन या. दार आजोबाच उघडतील. त्यांना रागावू नका. भोक कुठे पाडायचं ते सांगा, कुंडी तेच आडवी धरतील. फक्त रविवारची वाट बघू नका.