माजघरापर्यंत वायरलेस

सन २००९ च्या मार्चमधील त्या मंगळवारी पाच वाजून गेले, तरी माजघरातील लॅपटॉपवर नेट येईना; आणि माझ्या अंतःकरणात मात्र एक अनुचित समाधान उत्पन्न झाले.

माझा मुलगा देवेश जहाजावर खलाशी. त्याचे जहाज एडनच्या आखातातून येत होते, जेथे त्या दिवसांत चाचे अख्खी जहाजे धरून नेत. ते आखात पार करून मंगळवारी पाच वाजता बंदरातून कॅमेऱ्यावर दिसेन, असे त्याने कळविले होते. आमच्या विजयदुर्गच्या घरी नेट माडीवर, तारेने संगणकाला जोडलेले. माझी पत्नी सुभद्रा मांडीचे हाड मोडून खाली माजघरात पडलेली. मागे एकदा देवेशच्या जहाजाचा पाठलाग झाल्याची वार्ता मी तिच्यापासून लपविली, ती तिला शेजारणीकडून कळली. तेव्हापासून तिचे एकच म्हणणे होते, "तुमी सांगतास ता माका नुको. माका झिलाचा तोंड बघूचा आसा."

म्हणून तळेऱ्याच्या संगणकवाल्या सत्यवानास बोलाविले. त्याने सकाळी माडीवरील जुन्या मोडेमला वायरलेसचा बॉक्स जोडला, माजघरात नेट चालवून दाखविले व तो गेला. तदनंतर खाऱ्या वाऱ्याने यंत्र गंजू नये म्हणून मी तो बॉक्स बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून, तारांपुरते भोक पाडून झाकण लावले. होडीवरील बॅटरी, कागदपत्रे आम्ही अशीच जपतो.

"माडयेर जावन तरी बघा," सुभद्रा म्हणाली.

माझे पाय उचलेनात. माडीवरचा संगणक तारेवर चालणारच, हे मला ठाऊक होते. तेथे देवेशचे नाव विझलेले दिसले तर? जोपर्यंत दोष यंत्राचा होता, तोपर्यंत माझा मुलगा जिवंत होता.

"पुन्ना लपयतास काय?" ती म्हणाली.

तेव्हा मी सत्यवानास फोन लावला.

"काकानू, बॉक्स खंय ठेवलास?"

"डब्यात. पत्र्याच्या."

तो हसतच सुटला. "तो काय सुको बांगडो आसा, डब्यात भरूक? पत्र्यातसून नेट भायर कसा येतला? झाकण उगडा!"

मी माडीवर गेलो व संगणकाकडे पाठ करूनच झाकण काढले. खाली आलो, तो नेट आलेले. देवेशचे नाव मात्र करडे; तो नेटवर नव्हता. आता दोष द्यावयास यंत्रही उरले नव्हते. सुभद्रेने लॅपटॉप पोटाशी धरला. मी मनातल्या मनात ग्रामदैवत रामेश्वरास गाऱ्हाणे घालू लागलो, परंतु लहानपणापासून पाठ असलेले शब्द मला आठवेनात.

सहाला दहा मिनिटे उरली असता नाव हिरवे झाले. तुटक तुटक चित्रात देवेश दिसला, दाढी वाढलेला.

"आये, हंय लायन मोठी होती गो!"

सुभद्रा हसली नाही. "दोनय हात दाखय," ती म्हणाली. "आता उबो रव. चलान दाखय."

आणि मागे खोळंबलेल्या खलाशांच्या देखत माझा मुलगा त्या परक्या बंदरात, आईसाठी, इकडून तिकडे चालू लागला.