हजाराव्या हिटचा चेंडू

मित्रांनो, मी एक जुना बेसबॉल आहे, आणि मोठ्या माणसांना अगदी वैतागलो आहे.

गाईचे कातडे एकशे आठ लाल टाक्यांनी शिवून मला घडवले. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या मैदानावर मी उतरलो, तो टोर्स्टनचा शेवटचा सामना होता. सतरा हंगाम पगारी खेळाडू म्हणून खेळून त्याने नऊशे नव्याण्णव हिट, म्हणजे स्वतःच्या फटक्यावर बेस गाठून देणारे टोले, मारले होते. त्या लीगमध्ये हजारापर्यंत कोणीच पोचले नव्हते. क्लबने माझ्यासाठी काचेची पेटीसुद्धा आधीच करून ठेवली. इतकी घाई कशाला?

शेवटच्या डावात टोर्स्टनने मला टोलवले. मी उंच उडालो, थेट समोरच्या संघातल्या एका खेळाडूच्या ग्लव्हमध्ये पडलो आणि निसटलो. तेवढ्यात टोर्स्टन पहिल्या बेसवर पोचला. लोक नाचू लागले. पण सोपा झेल सुटला तर ती झेलणाऱ्याची चूक धरतात. मारणाऱ्याला हिट मिळत नाही. हा निर्णय अधिकृत स्कोअरर क्षमाचा. ती मूळची नागपूरची, इथल्या विद्यापीठात पीएच.डी. करणारी.

तिने 'चूक' असे लिहिले. मैदानभर हुर्यो उडाली.

भारतातून आलेले तिचे सासरे सुदामराव शेजारीच होते. ते कळवळले, "अगं, देऊन टाक की एक हिट! रिटायर होतोय बिचारा."

"अहो बाबा, चेंडू हातात पडून सुटला. तुम्हीपण पाहिलंत ना?"

सुदामरावांनी मान डोलावली. बाकीचे मात्र व्हिडिओ वीस-वीसदा पाहून भांडत राहिले. ग्लव्हमध्ये मी पडलो होतो, पण मला विचारतो कोण!

क्लबचे अध्यक्ष निर्णय बदलण्याचा आंत्राग, म्हणजे अर्ज, घेऊन आले. त्यावर टोर्स्टनची सही हवी होती. तो क्षमाच्या टेबलाशी आला.

"आल्झो, तर मग, झेल सोपा होता?"

"हो," क्षमा म्हणाली.

"गेनाऊ, अगदी बरोबर. टोला फसला म्हणून मारल्या मारल्याच मी स्वतःला शिवी हासडली होती." त्याने सही न करताच अर्ज अध्यक्षांच्या हाती परत दिला. "पुढच्या हंगामातही स्कोअर हिनेच लिहायचा."

क्षमाचे डोळे भरून आले.

मला मात्र सरावाच्या बादलीत फेकले. मग एका सरावानंतर मला विसरून सगळे गेले, आणि आठवडाभर मी ओल्या गवतात पडून राहिलो. कातडे फुगले, टाके उसवले.

मित्रांनो, खेळून झाल्यावर आम्हाला कोरड्या जागी ठेवत जा. आणि खरे लिहिणाऱ्यावर ओरडण्याआधी जरा दम धरा. नऊशे नव्याण्णव काय थोडे असतात?