लांब हातांचं धनुष्य

आमच्या गटात मरायचं काम माझ्याकडे होतं. गट म्हणजे जुन्या लढाया मैदानात पुन्हा उभ्या करणारी मंडळी. सुट्टीच्या दिवशी चिलखतं घालून एकमेकांच्या अंगावर धावून जायचं आणि सोमवारी मुकाट्याने ऑफिस गाठायचं, असा त्यांचा क्रम. मी पायदळात. पहिल्याच हल्ल्यात आडवी. खोटं कशाला बोलू, मी मरते फार सुंदर. एकदा तर प्रेक्षकांतल्या एक आजी भर लढाईत माझ्यासाठी पाण्याची बाटली घेऊन आल्या होत्या.

मला मारायचं कारण साधं होतं: माझी उंची. उभी राहिले की ओळ बिघडते, आडवी झाले की कुणाचीच तक्रार नसते. गटात माझं नावच ‘शिडी’. कुठल्याही कुडत्याच्या बाह्या माझ्या मनगटापर्यंत कधी पोचल्या नाहीत. शाळेत मी मान खाली घालून, खांदे दुमडून चालायचे. या वर्षी ते सोडून दिलं. कसं सोडलं ते विचारू नका. मान दुखायला लागली आणि कंटाळा आला, बस्स!

तर, आमच्या घोडेस्वारांच्या तुकडीत पाच धनुर्धारी. त्यातल्या एका काकांचा गुडघा गेला, जागा रिकामी झाली. मी घोड्यावर बसायला केव्हाच शिकले होते, जमिनीवरून बाणही बरे मारायचे. मी सरळ जाऊन सेनापतीबाईंना म्हटलं, “मला द्या ती जागा.”

सेनापतीबाई एरवी इस्त्रीचं दुकान चालवतात, त्यामुळे त्यांना कुठेही सुरकुती खपत नाही. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. बराच वेळ लागला त्याला.

“रविवारी स्वतःचं धनुष्य घेऊन ये. दौडत्या घोड्यावरून तीन बाण. बघू. आणि हे बघ शिडे, माझी ओळ एकसारखी दिसली पाहिजे. चौघांची धनुष्यं आखूड आहेत, तुला माहीतच आहे.”

“हो बाई.”

“रविवारी जमलं नाही तर मी दुसऱ्या गटातला स्वार मागवणार आहे. बोलणं झालंय.”

म्हणजे एकच रविवार. मी घरी येईपर्यंत पळत होते.

धनुष्य घेण्याचा आमच्या गटाचा एक नियम आहे: ज्याचा हात त्याची निवड. सोबत कुणी आलं तर त्याने दुकानात तोंड उघडायचं नाही. कारण पूर्वी एकेका धनुष्यामागे चार-चार सल्लागार जायचे आणि विकत घेणारा सोडून सगळ्यांना शोभेल असं धनुष्य घरी यायचं. म्हणून आता चिडीचूप.

माझ्यासोबत बाबा आला. बाबा दातांच्या कवळ्या बनवतो. लोकांची तोंडं दिवसभर उघडी बघून बघून त्याचं स्वतःचं मिटतच नाही. गाडी लावताना तो म्हणाला, “मी एक अक्षर बोलणार नाही. फक्त एवढंच सांगतो की—”

“बाबा!”

“बरं, बरं. कुलूप.”

धनुष्यवाल्या काकांची कार्यशाळा एका गल्लीच्या टोकाला, सायकल दुरुस्तीच्या शेजारी. आत सरस, चामडं आणि ताज्या भुशाचा वास. भिंतीवर दोरी उतरवलेली धनुष्यं टांगलेली, सगळी उलट्या बाजूला वळलेली, रुसून पाठ फिरवल्यासारखी. जुन्या काळी यात शिंग, लाकूड आणि जनावरांच्या ताती असायच्या. या प्रतिकृतींत आत फायबर आणि वरून चामडं, पण दहा पावलांवरून बघणाऱ्याला फरक कळत नाही. मधोमध चार स्प्रिंगांवर आडवं बसवलेलं एक पिंप आणि त्यावर खरंखुरं खोगीर. हा काकांचा घोडा.

काकांनी आखूड धनुष्य आपणहूनच काढलं. “तुमच्या तुकडीतल्या सगळ्यांनी हेच नेलंय.” लाल चामडं, छोटी वळलेली टोकं, मुठीवर पितळी पट्टी. इतकं देखणं की मी आरशात स्वतःला बघितलं आणि जवळजवळ निकाल लागला. मग दोरी ओढायचं कडं अंगठ्यात घातलं, दोरी अडकवली आणि बाबाने शिकवलं तशी ओढली. कानापर्यंत. जुने धनुर्धारी कानापर्यंतच ओढायचे, हे बाबाने मला लहानपणापासून इतक्यांदा सांगितलंय की झोपेतही माझा हात कानाशी जातो.

धनुष्य करकरलं.

“अगं ए! थांब! सोड!” काका ओरडले. “नाही नाही, सोडू नकोस! बाण नसताना दोरी सोडायची नसते! हळूच पुढे आण... हळू... हां.” त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि बाळाला पडल्यावर चाचपतात तसं सगळीकडून चाचपलं. “वाचलं. एवढं कुठे ओढायचं, बाई?”

“कानापर्यंत.”

“कुणी शिकवलं?”

मी बाबाकडे बघितलं. काकांनीही बघितलं. पाच फूट तीन इंचांचा माझा बाप छताचं निरीक्षण करत होता.

“अच्छा,” काका म्हणाले. “यांचा कान म्हणजे तुझी हनुवटी. तुझा कान कुठल्या कुठे! आखूड धनुष्याला तेवढं ओढायचं नसतं. शेवटच्या चार बोटं ओढीत ते दगडासारखं घट्ट होतं, आणि एक दिवस तुकडे. हे हवं असेल तर हनुवटीपाशी थांब. सवय होईल.”

मी खोगिरावर चढले. काकांनी पिंप गदागदा हलवायला सुरुवात केली आणि मी हनुवटीशी थांबून बाण सोडू लागले. समोरच्या पोत्यात बाण बरे लागत होते. पण काहीतरी खटकत होतं. कोपर पूर्ण मागे जायचं नाही, म्हणून ते बाहेर फाकायचं. त्यामुळे खांदे वर यायचे, आणि त्या खांद्यांत मान बुडायची. पुन्हा आरशात बघितलं. शाळेच्या फोटोत मागच्या रांगेत गुडघे वाकवून उभी असलेली ती मुलगी घोड्यावर बसली होती.

“ते कोपऱ्यातलं काय आहे?” मी विचारलं.

“ते तुझ्या कामाचं नाही. लांब कानांचं आहे.” धनुष्याच्या टोकाशी जो ताठ भाग असतो त्याला काका कान म्हणतात. याचे कान माझ्या वितीहूनही लांब. साधं तपकिरी चामडं, पितळ वगैरे काही नाही. “त्याच काळातलं आहे, घोड्यावरचंच आहे, खोटं काही नाही त्यात. पण तुमच्या ओळीत कुणाकडे नाही.”

“नुसतं ओढून बघते.”

ओढलं. हनुवटी गेली, गाल गेला, कान आला आणि ओढ शेवटपर्यंत मऊच राहिली. छाती उघडली. पाठीतल्या अशा जागा जाग्या झाल्या की त्यांची माझी पूर्वी ओळखच नव्हती. मी हसले, एकदम मोठ्याने. दुकानात धनुष्य ताणून हसणारी मी एकटीच असेन.

मागून “म्म्म्म्!” असा आवाज आला. बाबाने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं आणि भुवया कपाळावरून पळून जायच्या बेतात होत्या.

“भुवयांनी सल्ला देणंही नियमात बसत नाही,” काका म्हणाले. “साहेब, बाहेर.”

बाबा बाहेर गेला आणि सायकलवाल्याशी इतका बोलला, इतका बोलला, की तो बिचारा चाक सोडून उठून आत गेला.

काका प्रामाणिक माणूस. त्यांनी मला खोगिरावर बसवून लांब धनुष्य हातात दिलं आणि म्हणाले, “आता डाव्या बाजूने उजवीकडे ने.” नेलं, तर खालचा कान ठणकन पिंपावर. पुन्हा ठण्. “हेच होणार. आखूड धनुष्य घोड्याच्या मानेवरून असं निघून जातं. याला आधी वर उचलायचं, मग आडवं, मग पलीकडे. चुकलीस तर घोड्याला लागेल, नाहीतर तुझ्या मांडीला. रविवारपर्यंत पक्कं होणार नाही, मी आत्ताच सांगतो. लालवर मात्र तू रविवारी पास होशील.”

मी लाल धनुष्याकडे पुन्हा बघितलं. मला ती जागा हवी होती, अगदी दातखीळ बसेल इतकी हवी होती. लाल धनुष्य म्हणजे जागा जवळजवळ पक्की. तपकिरी म्हणजे जागा जायची शक्यता.

पण लाल घेतलं तर जागा मिळणार त्या खांदे दुमडलेल्या मुलीला. आणि तिला मी आताच कुठे घराबाहेर काढलं होतं.

“तपकिरी,” मी म्हटलं. आवाज जरा चिरका आला, पण आला.

मग घरात कहर! सोफ्याच्या हातावर उशी बांधून मी वर, आडवं, पलीकडे करत होते. एक दिवा आणि आईचा चष्मा शहीद झाला. आई म्हणाली, “ही घोड्यावर जायच्या आधी आपण सगळे वृद्धाश्रमात जाऊ या का?” बाबाला आता बोलायची मोकळीक होती, पण तो एवढंच म्हणाला, “कवळी दुसऱ्याच्या मापाची घातली की माणूस हसणंच बंद करतो.” नियमाचा परिणाम अजून उतरला नसावा.

रविवारी मैदानात सेनापतीबाईंनी धनुष्य बघितलं. “हे काय आणलंस? पडद्याचा दांडा?”

“याच काळातलं आहे, बाई.”

“काळाचं मला सांगू नकोस. ओळीचं काय?”

“ज्याचा हात त्याची निवड,” मी म्हटलं. कान गरम झाले होते, पण मान खाली गेली नाही.

“निवड तुझी. तुकडी माझी,” बाई म्हणाल्या. “चढ.”

माझ्या घोड्याचं नाव बटाटा. दिसतोही तसाच, पण दौड अशी की पोटातलं पाणी हलू नये. लक्ष्य डाव्या हाताला, गवताचे तीन भारे; भाता उजवीकडे, म्हणजे बाण लावून दर वेळी धनुष्य पलीकडे न्यायचं. बटाटा सुटला. पहिल्या भाऱ्याजवळ मी घाईत धनुष्य आणलं आणि ठण्! खालचा कान खोगिराला लागला, बाण दोरीवरून निसटून गवतात. स्वारांपैकी कुणीतरी खिदळलं, “पडद्याचा दांडा पडला!”

दुसरा बाण. वर, आडवं, पलीकडे. कानापर्यंत. बाण भाऱ्याच्या कडेला घुसला, शेपटी हलत राहिली. तिसऱ्या भाऱ्याजवळ मला तिसरा बाण भात्यातून काढायला उशीर झाला, आणि बटाटा भाऱ्याच्या पुढे निघून गेला. आखूड धनुष्यवाले इथे सोडून देतात. मी खोगिरात मागे वळले, सगळी वळले, कंबर, खांदे, मान, आणि पुन्हा कानापर्यंत ओढलं. अंतर चांगलंच वाढलं होतं. बाण गेला तो भाऱ्याच्या मधोमध, आणि त्या धक्क्याने भारा मागे कलंडला.

एक स्वार उतरून तो भारा उभा करायला धावला.

मी परत आले तेव्हा सेनापतीबाई चौघा स्वारांना उभं करून लांबून डोळे बारीक करत होत्या. मला म्हणाल्या, “मध्ये उभी राहा.” राहिले. “शी! सुरकुती.” मग म्हणाल्या, “उजव्या टोकाला जा.” गेले. बाई डोकं वाकडं करून बघत राहिल्या. दुसऱ्या गटातल्या त्या स्वाराचा फोन नंबर त्यांच्या खिशात होता.

“टोकाला चालेल,” त्या शेवटी म्हणाल्या. “ओळ कुठे संपते ते तरी लोकांना कळेल. आणि पळताना मागे वळून मारणारं कुणीतरी टोकालाच हवं.”

“म्हणजे जागा माझी?”

“टोकाची. आणि पहिला बाण पाडलास तो काय मी विसरले? मैदान संध्याकाळपर्यंत आपलं आहे. तो पहिला पक्का होईपर्यंत उतरायचं नाही.”

बाबा दोरीपलीकडून ओरडला, “अगं, आधी पाणी तरी—”

पण मी बटाट्याचं तोंड पहिल्या भाऱ्याकडे वळवलं होतं.