तळमजल्याची ओळ

मित्रांनो, मी एक जुना मसुदा आहे. मला धूळ लागत नाही, वाळवी लागत नाही, तरी मी कायम धास्तावलेला असतो. एकाच वेळी किती जणांचे हात माझ्यात असतात!

मुलुंडच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरी उत्तराताईंनी मला ऑनलाइन तयार केलं. इमारत पाडून नवी बांधायची होती. बिल्डरशी व्हायचा करार म्हणजे मी. लोक आपापल्या घरी बसून माझ्यात लिहीत. "झकास सोय आहे यार!" असं कमिटीतला देवेश म्हणाला, तेव्हा मी केवढा सुखावलो होतो.

माझ्यातली एक ओळ गुणाजीकाकांची होती. त्यांच्या पत्नीला, मालनकाकूंना, अर्धांगवायू झाल्यापासून जिना चढता येत नाही. बांधकाम चालेल तोवर त्यांना तळमजल्यावरच भाड्याचं घर द्यावं, असं त्या ओळीत होतं.

पुढे बिल्डरच्या वकिलाने ती ओळ काढायची सूचना टाकली. ओळीवर लाल रेघ आली. मी रोज वाट पाहिली, पण मला कुणी उघडेना. सह्यांच्या दिवशी देवेशने घाईघाईत उघडलं. रंगीत सूचना म्हणजे शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या, असं समजून त्याने 'सगळे बदल स्वीकारा' दाबलं. ओळ गेली. मी हादरलो. आणि तसाच छापला गेलो.

हॉलमध्ये काकांनी पेन उघडलं आणि विचारलं, "आमची ओळ आसा मां त्यात?"

"आहे ना काका. थांबा, दाखवते." उत्तराताईंनी लॅपटॉपवर मला वरखाली केलं. त्यांचा चेहरा उतरला. "देवेश, वाट लागली! ओळच नाहीये रे!"

"एका ओळीसाठी कशाला थांबायचं?" बिल्डरचा माणूस म्हणाला.

ताई माझ्या मागच्या आवृत्त्या एकेक करून उघडत गेल्या. सापडली नाही तर, या भीतीने मी गोठलो होतो. अखेर एका आवृत्तीत ती सापडली, लाल रेघेसकट. त्यांनी ती परत जागेवर आणली आणि नवी प्रत छापली. काकांनी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचून घेतली. मगच सही केली.

मित्रांनो, माझ्यात खुशाल लिहा, खोडा, भांडा. पण बदल मान्य करण्याआधी तो वाचा, कुणी केला ते पाहा. काकांनी विचारलं नसतं, तर मालनकाकू आज कुठल्यातरी वरच्या मजल्यावर अडकून पडल्या असत्या. आणि मी इमानदारीत दाखवत बसलो असतो, 'सर्व बदल जतन झाले.'