कारण क्रमांक तीन

सेक्रेटरीला कुणी सेक्रेटरी निवडलं नव्हतं. वसतिगृहाच्या दुसऱ्या मजल्यावर बहिष्काराची पहिली बैठक झाली, कुणीतरी सह्यांची वही पुढे सरकवली, हिनं ती घेतली आणि जी धरली ती धरलीच. आता त्या वहीत चारशे सह्या होत्या. साबणाची कंपनी कारखान्याचं घाण पाणी खालच्या वस्तीच्या ओढ्यात सोडत होती. पोरांच्या अंगावर चट्टे उठले होते आणि कंपनी वर्षभर ‘चौकशी चालू आहे’ म्हणून हात झटकत होती. म्हणजे भांडण खरं होतं. ते खोटं असतं तर ही गोष्ट फार सोपी झाली असती.

समाजशास्त्राच्या मॅडमनी या बहिष्काराचा अभ्यास काढला. विद्यार्थी यात का उतरतात, एवढाच प्रश्न. दोनशे फॉर्म वाटले. नाव लिहायचं नाही, उत्तर आपल्या शब्दांत, आणि वर ठळक छापलेलं, की कुणी काय लिहिलं ते कुणालाही कळणार नाही. मग दोघांनी वेगवेगळं बसून प्रत्येक उत्तराला नंबर द्यायचा. एक म्हणजे अन्यायाची चीड, दोन म्हणजे मैत्रीखातर, तीन म्हणजे दबाव. शेवटी दोघांचे नंबर समोरासमोर ठेवायचे आणि जुळत नसतील तिथे वाद घालून एकमत करायचं. पद्धत उत्तम. फक्त त्या दोघांतली एक म्हणून मॅडमनी सेक्रेटरीलाच बसवलं, कारण वर्गात तिच्याइतकं नेटकं काम कुणाचंच नव्हतं. शिकलेली माणसं असा गाढवपणा बिनदिक्कत करतात.

दुसरा होता मॅडमचा पीएचडीचा विद्यार्थी. त्याला सगळे दाढीवाला म्हणत. सहा वर्षं त्याचा प्रबंध संपत नव्हता आणि तोवर तो दुसऱ्यांच्या चुका काढून दिवस घालवत होता.

शुक्रवारी दुपारी विभागाच्या मागच्या खोलीत तिघं बसले. सोमवारी अहवाल विद्यापीठाच्या समितीपुढे जायचा होता. कॅम्पसच्या दुकानातून तो साबण हटवायचा की नाही, ते समिती ठरवणार होती. विद्यार्थ्यांवर दबाव होता असं एकदा निघालं की समितीला हात वर करायला निमित्तच मिळणार, हे सेक्रेटरीला पक्कं ठाऊक होतं.

“त्रेसष्ट ठिकाणी जुळत नाही,” दाढीवाला म्हणाला. “आणि गंमत म्हणजे त्रेसष्टच्या त्रेसष्ट ठिकाणी माझं तीन आहे आणि तुझं एक.”

“तुम्हाला बहिष्कार खुपतो, दादा.”

“मला कशाला खुपेल? मी साबण तसाही कमीच वापरतो.” त्यानं एक फॉर्म उचलला. “‘सगळा मजला उतरला. मी उतरले नसते तर मला कुणी जेवायला हाक मारली नसती.’ ही तुझी चीड का?”

“एकेकाची बोलायची पद्धत असते.”

“बरं. हे बघ. ‘दारात उभी राहते आणि सही होईपर्यंत हलत नाही.’ कोण गं उभी राहते?”

सेक्रेटरीची कानशिलं तापली. दारात उभं राहिलं नसतं तर वहीत चार सह्या झाल्या असत्या, चारशे नाही. ती त्या वस्तीत जाऊन आली होती. एका पोराचा सदरा त्याच्या आईनं वर केला तेव्हा ती पाठ तिनं पाहिली होती. या फॉर्म भरणाऱ्यांतल्या एकीनंही पाहिली नव्हती. तिला या सगळ्यांचा, त्यांच्या जेवायच्या हाकांसकट, मनापासून राग आला.

“आता फॉर्म नंबर एकशे बारा,” दाढीवाला म्हणाला. अक्षरांवर रेघ न देता लिहिणारी मजल्यावर एकच होती. सेक्रेटरीच्याच खोलीतली बारकी. परवा फॉर्म हातात आला तेव्हाच तिनं ते अक्षर ओळखलं होतं, घाईनं एक लिहून पान उलटलं होतं आणि दोन रात्री बारकीच्या समोरच्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपली होती.

दाढीवाला वाचायला लागला. “‘माझी आई त्या कंपनीत पॅकिंगला आहे. शिक्का वाकडा पडलेल्या वड्या कामगारांना देतात, त्या ती मला देते. माझ्या खोलीतल्या मुलीनं तसल्या अकरा वड्या सगळ्या मजल्यासमोर माझ्याच हातानं कचऱ्यात टाकायला लावल्या. मी टाकल्या. वर टाळ्या वाजवल्या. म्हणून मी बहिष्कारात आहे.’” त्यानं कागद खाली ठेवला. “याला तू एक दिलास?”

“खोटं आहे ते.”

“कशावरून?”

“मला माहीत आहे कुणी लिहिलंय ते.”

बोलून गेल्यावर तिला कळलं आपण काय बोललो. मॅडमनी चष्मा काढला.

“हे तुला माहीत असायला नको होतं,” त्या म्हणाल्या. “आणि असलं तरी तोंडातून काढायला नको होतंस. एकशे बाराला तीन. बाकीचे उद्या मी स्वतः बघते. तू आता जा.”

मॅडम फोन घ्यायला बाहेर गेल्या, दाढीवाला चहाला गेला. सेक्रेटरीनं एकशे बारा नंबरचा फॉर्म ओढला, गठ्ठ्यातला एक कोरा फॉर्म घेतला आणि दोन्ही पिशवीत कोंबून निघाली. समितीत मोठ्यानं वाचून दाखवायला असं एक उत्तर पुरतं. ते एक तरी तिथे असता कामा नये.

वाटभर ती मनात भांडत होती. बारकी ओरडेल, मग आपण त्या पोराच्या पाठीचं सांगायचं. आईचं मला आधी का नाही बोललीस, असं विचारायचं. तिला एक कडाक्याचं भांडण हवं होतं.

बारकी पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. सेक्रेटरीनं फॉर्म तिच्यापुढे धरला.

“हे तू लिहिलंस?”

बारकीनं कागदाकडे पाहिलं, मग दाराकडे. तिच्या हातातला टॉवेल खाली पडला.

“कुणाला कळणार नाही असं छापलं होतं त्यावर.”

“आईचं मला का नाही सांगितलंस?”

“चुकलं माझं,” बारकी चटकन म्हणाली. “दुसरा देतेस? मी नीट लिहून देते. काय लिहू?”

“तसं नाही गं. तुला जे वाटतं—”

“मला काही वाटत नाही. तू सांग ना.” ती खुर्ची ओढून बसलीसुद्धा. पेनाचं टोपण काढलं. “आईला काही होणार नाही ना पण? तिचं नाव नाही ना कुठे?”

सेक्रेटरी त्या खाली घातलेल्या मानेकडे बघत राहिली. इतकी भीती तिनं या खोलीत रोज पाहिली होती आणि तिला ती शिस्त वाटली होती. दोन्ही कागद फाडून टाकावेत हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं. आणि सोमवार समोर होता, आणि ती पाठही होती.

तिनं कोरा फॉर्म टेबलावर ठेवला.

“लिही,” ती म्हणाली. “त्या वस्तीवर झालेल्या अन्यायाची मला चीड आली, म्हणून मी कुणीही न सांगता, स्वतःहून...”

बारकीनं शब्दन्‌शब्द उतरवला आणि मान वर न करता विचारलं, “पुढे?”